वाळ्याचं तेल आणि बाबांची रातपाळी

आमच्या नागपुरात वाळा म्हणजे उन्हाळ्यात कूलरला लावायच्या सुगंधी मुळांच्या ताट्या. त्या मुळांवर मी पीएचडी करते म्हटल्यावर मोहल्ल्यातल्या बायका विचारायच्या, शिकून कूलरचं दुकान टाकणार का? मी जाम चिडायचे. मुळांतल्या तेलात कोणकोणती सुगंधी रसायनं आहेत ते मला शोधायचं होतं. पण त्यासाठी आधी तेल तर हाती लागायला हवं!

हे तेल भारी हट्टी. मुळं वाफेवर घातली की हलका भाग लवकर येतो. खरा वास ज्याच्यात असतो तो जड भाग रात्र उलटल्याशिवाय उतरत नाही. आणि मला दिवेलागणीला घरी पोचायचं असे. रोज संध्याकाळी हीटर बंद, रोज अर्धवट तेल. शेवटी माझ्या गाइड सरांनी सांगून टाकलं, या आठवड्यात पूर्ण तेल दाखवा, नाहीतर विषय रात्री थांबू शकणाऱ्या मुलाला देतो. अस्सा राग आला! मी मुलगी आहे हे त्या मुळांना कुठं ठाऊक होतं?

घरी जेवायला बसले आणि रडायलाच लागले. आई म्हणाली, सोड तो वाळा, दिवसा होईल असं काहीतरी घे. बाबा कापडमिलमध्ये कामाला होते, कायम रातपाळीला. त्यांचा घास हातातच राहिला.

"काहून रडून राहिली वं? रात्रीच थांबा लागते ना? मी येतो."

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच हीटर लावला. संध्याकाळी बाबा मिलला खाडा करून, दोघांचा डबा घेऊन प्रयोगशाळेत हजर. रात्रभर स्टुलावर ताठ बसले. मला डुलकी लागायची, त्यांना नाही. वाफ गार करणाऱ्या पाण्याची धार नळाला बारीक झाली की तेच मला हलवून उठवत. पहाटे नळीत मधाच्या रंगाचं दाट तेल साचलं होतं. मला नाचावंसं वाटलं. बाबांनी वास घेतला, एवढंसंच का म्हणाले, आणि हसले.

सकाळी सरांनी नळी उजेडात धरली. विषय तुमचाच, म्हणाले. पण गावोगावच्या मुळांचे नमुने अजून बाकी होते, प्रत्येकाला एक रात्र. त्यांनी बाबांना विचारलं, दर वेळी खाडा करून कसं जमेल?

बाबांनी रिकामा डबा पिशवीत घातला.

"मिलमदी दिवसपाळी मागून घेतो, साहेब. रातपाळी आता पोरीसाठी करतो."