चाकाखालचं लिंबू

माझ्या नव्या विजेवरच्या स्कूटरला डबेवाल्या सुनंदाताई हौसेनं कुंकू लावत होत्या. त्यांची सायकल फाटकाशी उभी होती. मागे त्यांनी विचारलं होतं, "गुडघे दुखतात हो. घेऊ का अशी गाडी?" मी म्हणालो होतो, "थांबा, स्वस्त होतील." दुसऱ्याला थांबायला सांगणं सोपं असतं, चढ त्याच्या वाटेत असतो. पुढे सरकारी अनुदान बंद होणार असं पेपरात वाचलं आणि मी घाईनं गाडी घेतली. त्यांना सांगायचं राहिलं. आता किंमत वाढली आहे.

चाकाखाली लिंबू ठेवत त्या म्हणाल्या, "तुम्ही घेतलीत, म्हणजे झाल्या वाटतं स्वस्त."

मी गाडी पुढे घेतली. तिला आवाज नसतो. लिंबू चिरडलेलं स्पष्ट ऐकू आलं.