आत्याचा चहा आणि तीस वर्षांचा आराखडा

विहिरीच्या पाण्याची परीक्षा आत्या चहाने घ्यायची. रोज सकाळी पहिल्या कळशीचा चहा उकळायचा, दूध ओतायचं आणि पातेल्यात टक लावून बघायचं. दूध फाटलं नाही की म्हणायची, "अजून गोडी हाय." मग बाकीच्या बायकांना पाणी भरायची परवानगी. हा अधिकार तिला कुणी दिला नव्हता, पण तिच्याआधी कळशी बुडवायची कुणाची छाती नव्हती.

समुद्रकाठच्या घिवलीच्या अलीकडे आमचं गाव. सुकी मासळी विकणारी ही बाई कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. मी बोईसरला कारकुनी करतो, त्यामुळे तिचे अर्ज लिहिणं माझ्या गळ्यात पडलेलं. तिला धास्ती एकच. जो तो बोअर मारतोय, गोडं पाणी उपसलं की समुद्र आत सरकणार. किनाऱ्याजवळचे बोअर खारे झालेच होते. "खारं आलं का मागं जात नाय," ती म्हणायची. विहीर बिघडायच्या आत तिला गावात नळ हवा होता. सही करायला तिला चहा उकळण्याइतका वेळ लागे. सही घेऊन मी घरी येई आणि वाडीला पाणी द्यायला माझा बोअर चालू करी.

पालघरच्या कचेरीत पुढच्या तीस वर्षांच्या पाण्याचा आराखडा चालला होता. त्यासाठी दोन साहेब गावात आले, प्यायला बाटल्या बरोबर घेऊन. आदल्या दिवशी आम्ही आत्याला बजावलं होतं, "त्यांना खाऱ्या बोअरचा चहा दे. तोंड वाकडं झालं की गाव नळाच्या यादीत." ती हो म्हणाली. पण माणसं ओट्यावर टेकली आणि तिचा हात विहिरीच्या कळशीकडेच गेला. वर आलंही घातलं. साहेबांनी दोन-दोन कप घेतले, पाण्याची तारीफ केली आणि कागदावर लिहिलं : समस्या नाही.

"खारं यायच्या आदी लिवा ना, साहेब," आत्या म्हणाली. "होडीला डांबर काय बुडाल्यावर लावतात?"

"पाणी बिघडलं की नमुना घेऊन या," साहेब म्हणाले. "तसा रकाना आहे."

गाव आठवडाभर तिच्याशी बोललं नाही. "दारात आल्या माणसाला खारं पाजू?" ती माझ्यावरच डाफरली. मला तिचा राग आला होता, अभिमानही वाटला होता. अजून दोन्ही वाटतं.

गेल्या दिवाळीनंतर आत्या गेली. चैत्रात एका सकाळी आमचा चहा फाटला. बायकोने दूधवाल्याचा उद्धार केला. दुसऱ्या पिशवीचाही फाटला तेव्हा मी विहिरीवर गेलो. बायका रिकाम्या कळशा घेऊन उभ्या होत्या. घरी येऊन मी बोअरचं बटण बंद केलं.

मग विहिरीच्या पाण्याची बाटली भरून पालघर गाठलं. कचेरीतला कारकून खूश झाला. "आता बसता नियमात!" अर्जात एक रकाना होता, समस्या प्रथम कुणाच्या लक्षात आली? मी आत्याचं नाव लिहिलं.

त्याने अर्ज माझ्याकडे परत सरकवला. "इथे त्यांची सही लागेल."