पुरवणी जबाबाला लागलेला वेळ

ती मुलगी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून आली, तो दिवस निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पांढरे कपडे, नजर जमिनीत, आणि दोन्ही अंगांना दोन सेविका. दरोडेखोरालासुद्धा आम्ही एवढ्या बंदोबस्तात कोर्टात नेत नव्हतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. माझा आवाज असा, की मी आत नुसतं ‘कोण आहे रे?’ म्हटलं तर बसस्टँडवरचे बिनतिकिटाचे प्रवासी गाडीतून उतरून जात. पण या प्रकरणात आवाजाचा उपयोग शून्य होता.

मुलीचे वडील दारव्ह्याचे. दिवसा शिवणकाम करायचे, संध्याकाळी विहारातलं वाचनालय उघडायचे. मुलगी त्या वाचनालयातच लहानाची मोठी झाली. पुढे यवतमाळला कॉलेजात गेली, एका मैत्रिणीबरोबर रविवारच्या भजनाला जाऊ लागली, आणि वर्षभरात कॉलेज, मोबाईल, घर सगळं टाकून आमच्या हद्दीतल्या एका आश्रमात राहायला गेली. तिथल्या गुरूला सगळे ‘मालक’ म्हणत. मालकांच्या प्रवचनाशिवाय दुसरं अक्षर वाचायची तिथे मनाई होती.

बाप माझ्यासमोर बसला होता. “साहेब, पोरगी सज्ञान हाये, कायदा मले समजते. पण मी भेटाले गेलतो तं तिनं मलेच इचारलं, तुम्ही कोण?”

मी त्यांना पाणी दिलं. सज्ञान मुलगी ‘मी स्वखुशीने राहते’ म्हणाली की पोलिसाचे हात बांधले जातात. आश्रमात जाऊन मी तिचा तसा जबाब आधीच घेतला होता. शेजारी सेविका उभ्या होत्या आणि जबाब पाठ केल्यासारखा आला होता.

मग खबर आली. दारव्हा ते यवतमाळ जीप चालवणारा आमचा एक खबरी होता. त्याच्या पोटात गोष्ट राहिली तर त्याला ताप यायचा.

“साहेब, पुनवेले आश्रमाच्या पोरी घेऊन चाललो. पार दुसऱ्या राज्यात. जायाचं ठरलं, वापस यायचं कोणी बोलूनच नाही राह्यलं.”

“दारव्ह्याची आहे त्यात?”

“हाये ना. तिथं गेल्यावर नाव बदलते म्हणतात. मंग घरच्याइची भेट बंद.”

पौर्णिमेला आठवडाही उरला नव्हता. ती त्या जीपमध्ये बसली की बापाला मुलगी मेल्यासारखीच.

आणि नेमकी तेव्हाच आश्रमाने चूक केली. त्यांनी तिच्या सहीचा अर्ज ठाण्यात दिला: वडिलांपासून त्रास आहे, संरक्षण मिळावे. मी अर्ज वाचला आणि उठून पंख्याचा वेग वाढवला, आनंदाने मला घाम फुटला होता. साक्षीदार बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पण अर्जदार स्वतःच दाद मागायला आली तर तिचा जबाब सविस्तर घ्यावा लागतो. जबाब घेताना खोलीत बाहेरचं माणूस चालत नाही. आणि माणसाला बसवून ठेवण्याच्या कामात पोलीस खात्याचा हात जगात कुणी धरणार नाही. आमचा प्रिंटर तर असा, की पहिलं पान निघेपर्यंत आरोपीची नातवंडं शाळेत जाऊ लागत.

सेविका बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलगी आत, सोबत आमच्या महिला हवालदार. मी टेबलावर तिच्या वडिलांनी दिलेलं पुस्तक ठेवलं, बुवाबाजीचा पंचनामा करणारं. “वेळ लागेल, वाच तोवर,” म्हणालो आणि तिच्यासाठी चहा मागवला.

तिने नाव पाहिलं आणि हसली.

“मालक म्हणालेच होते. बाहेर गेली की आमच्याविरुद्धची पुस्तकं देतीन. त्यायचं खरं झालं, साहेब.”

मालकाची भविष्यवाणी मी माझ्या हाताने खरी करून दिली होती! एक दिवस वाया गेला. रात्री माझी झोप उडाली.

दुसऱ्या खेपेला ‘पुरवणी जबाब’ म्हणून बोलावलं तेव्हा मी काहीच दिलं नाही. टेबलावर फक्त एक जुनी रहस्यकादंबरी पडू दिली. कव्हर फाटलेलं, पहिल्याच पानावर खून. त्यात मालक नाही, बुवा नाही. शेवटची पानं मात्र मी आधीच काढून माझ्या खणात टाकली होती. प्रिंटर बंद, वीज गेलेली, हवालदार बाई पेंगत असल्याचं उत्तम नाटक करत होत्या. त्यांनीच नंतर सांगितलं, मुलीने आधी पुस्तकाकडे पाठ केली, मग बोटाने एक पान उलटलं, मग खुर्ची ओढली.

जाताना ती दारात थबकली. खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, खून माळ्यानं केला का?”

“मले नाही माईत वं. बाकीची पानं साहेबाजवळ हायेत.”

“मंग अजून एक सही राह्यली असंल ना माही?”

सेविकांना तिनेच सांगितलं की उद्या परत यावं लागेल.

‘उद्या’ म्हणजे पौर्णिमा. आश्रमाने जीप सरळ ठाण्यासमोरच आणून उभी केली. बाकीच्या मुली आत बसलेल्या, वळकट्या वर बांधलेल्या. सही झाली की ही चढणार. ड्रायव्हर आमचाच खबरी होता. त्याने टायर तपासण्यात एवढा वेळ लावला की टायरलाच लाज वाटली असती. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बाप उभा होता. मी त्याला जागचं हलायचं नाही असं बजावलं होतं.

मी कादंबरीची पानं तिच्यापुढे ठेवली आणि त्यांच्या शेजारी आमच्या प्रशिक्षणातलं एक जाडजूड पुस्तक, चौकशीच्या तंत्रावरचं. खूण घातलेलं प्रकरण असं होतं: निरपराध माणूस न केलेला गुन्हा का कबूल करतो.

खुनी कोण हे तिने घाईने वाचलं. मग दुसरं पुस्तक जवळ घेतलं. झोप तोडतात. घरच्यांपासून वेगळं ठेवतात. तुझं आता कुणी नाही असं सांगतात. रोज तोच तो प्रश्न विचारतात. शेवटी एकजण मायेने बोलतो, आणि माणूस त्याच्यासाठी वाट्टेल ते कबूल करतो. बाहेर हॉर्न वाजला. तिने मान वर केली नाही. परत पहिल्यापासून वाचायला लागली.

“साहेब, हे पोलीस करतात?”

“काहींनी केलं. निरपराध माणसं आत गेली, म्हणून हे पुस्तक लिहावं लागलं.”

तिने त्या पानावर बोट ठेवलं. “मी पण कबूल केलं होतं. बाबायचं वाईट व्हावं असं माह्या मनात येते म्हणून. सगळ्यायसमोर. कधी आलंच नव्हतं, साहेब. पण रोज संध्याकाळी इचारत. शेवटी म्हटलं, असंल.”

सेविकेने दार ठोठावलं. मी हलणार, तेवढ्यात मुलीने नजर माझ्यावर रोखली. चौकशी आता ती करत होती.

“तुम्ही बी मले बसवूनच ठेवलं ना? एकटीले? चहा पाजून?”

नोकरीत मी वरिष्ठांना, वकिलांना, आमदारांना हसत हसत थापा मारल्या. इथे मात्र थाप मारली नाही.

“हो,” मी म्हणालो. “जबाब पहिल्याच दिवशी संपला होता.”

“मंग फरक काय?”

“हे पुस्तक मीच तुझ्या हातात दिलं. मालकाकडे असतं तर त्याने दिलं असतं का? दाराला कडी नाही, पोरी. समोर जीप आहे, पलीकडे तुझा बाप. कुठंही जा. माझा माणूस मागे येणार नाही.”

ती उठली. दार उघडलं. सेविकेने तिचा दंड धरला, “चाल लवकर, मालक वाट पाहून राह्यले.”

“ताई,” मुलगी म्हणाली, “तुमच्याकून काय कबूल करून घेतलं होतं?”

सेविकेचा हात आपोआप सुटला. खिडकीतून मी पाहत होतो. मुलगी पायऱ्या उतरली, जीपपाशी थांबली, आतल्या मुलींकडे पाहत राहिली. मग तिने रस्ता ओलांडला.

बापाने ना हात जोडले, ना डोळे पुसले. एवढंच विचारलं, “जेवली का?”

बाकीच्या मुली त्याच जीपने गेल्या. त्यांच्यासाठी टपरीवर कुणी उभं नव्हतं, आणि सज्ञान प्रवाशांची गाडी अडवायला माझ्याकडे कलम नव्हतं. ही गोष्ट सांगताना ते मी कधी वगळत नाही.

लोक मला विचारतात, तुम्ही तिला कसं सोडवलं? मी कुठे सोडवलं? कैदेतल्या माणसाला ओढून काढलं तर तो दुसऱ्याच्या हातात जातो, आपल्या पायावर उभा राहत नाही. त्याला वाचायला द्यावं, विचारलं तर खरं सांगावं, आणि दार उघडं ठेवून गप्प राहावं. ती जीपपाशी थांबली तेव्हा माझ्या अंगातला प्रत्येक स्नायू धाव म्हणत होता. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसून राहिलो. सगळ्या नोकरीत याहून मोठी मर्दुमकी मी गाजवलेली नाही.