दोन अठ्ठेचाळीस

मी सुलतानपूरला पोरापोरींकडून पोलीस भरतीची तयारी करून घेतो. पहाटे पाचला एक बॅच, मग शाळेत खेळाचे तास, संध्याकाळी पुन्हा बॅच. लोक म्हणतात, "सर, तुमची तब्येत तं लोखंड असंल!" कायचं लोखंड! मी खुर्चीवर बसतो, शिट्टी वाजवतो. पळतात ती पोरं. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही स्वतः किती पळता?" मी छातीठोकपणे सांगितलं, "माझी चाळीस पोरं पळतात ना!" ते हसले नाहीत.

बायको दोन वर्षांपासून पुण्याला, नातवाला सांभाळायला. सकाळी टाकलेली खिचडी मी रात्रीही खातो. बोलायला घरात कुत्रं नाही. अंथरुणावर डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसा, चार माणसांत बसलो की डुलकी येते. कोणाला सांगू? खेळाचा मास्तर पेंगतो म्हटल्यावर गाव हसणार.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीची शेवटची भरती होती. त्यानंतर वय निघून जाणार होतं. महिना उरला होता. आठशे मीटरचं टायमिंग घ्यायचं आणि त्यावरून ठरवायचं, की उरलेले दिवस पळण्याला द्यायचे का गोळाफेकीला. रविवारी दहा वाजता, बाकीची पोरं घरी गेल्यावर, मी लिंबाखाली खुर्ची टाकली. शिट्टी मारली, स्टॉपवॉच दाबलं. पाठीवर ऊन बरं वाटत होतं.

"सर, किती?"

दचकून डोळे उघडले. ती समोर उभी, कमरेवर हात, धापा टाकत. माझ्या हातातलं घड्याळ चालूच होतं, पाच मिनिटांच्या वर गेलेलं. खरं सांगायला माझं काय जात होतं? पण जीभ रेटेना.

"दोन अठ्ठेचाळीस," मी ठोकून दिलं.

"अरे वा! मंग पळायचं टेन्शन गेलं सर," ती म्हणाली, आणि महिनाभर गोळाच फेकत राहिली. परत एकदा टायमिंग घेऊ, असं मी रोज ठरवायचो. घेतलं नाही. भ्यालो, दुसरं काय.

भरतीत तिला तीन मिनिटांच्या वर लागली. दोन मार्कांनी यादीतून राहिली.

निकालानंतर ती मैदानावर आली तेव्हा मी एकटाच चुन्याच्या रेषा मारत होतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, त्या रविवारी मी झोपलो होतो. तो टाइम खोटा होता."

ती चुन्याच्या रेषेकडे बघत म्हणाली,

"तुमचे डोये मिटेल होते, सर. शेवटच्या राउंडले पाह्यलं मी."

"मंग तवाच बोलली काऊन नाही?"

"मले वाटलं, तुम्ही माह्या पावलाचा आवाज ऐकून राह्यले."