डेपोतला घरभेदी

बसडेपोच्या वर्कशॉपात त्याला सगळे ठोक्या म्हणत. काम पत्र्याचं. ठोकर खाऊन आलेल्या बसचा चेपलेला पत्रा आतून लोखंडी ठोकळा लावून, बाहेरून हातोडीनं सरळ करायचा. मनगट जाड, आवाज त्याहून जाड, आणि वाद घालायची खोड अशी की समोरचा "आज उकडतंय" म्हणाला तरी हा विचारणार, "कशावरून?"

"कधीतरी हो म्हणून बघा," बायको म्हणायची. "जिभेला फोड नाही यायचा."

तिची डेपोच्या मागच्या रस्त्याला लॉन्ड्री होती. तिचा थोरला भाऊ वर्कशॉपातच फोरमन. त्याला सगळे दादा म्हणत, आणि ठोक्याही म्हणे. ही नोकरी दादानंच लावून दिली होती, आणि ते तो विसरू देत नसे.

दुपारच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीतल्या टीव्हीवर आदल्या दिवशीचा 'घरभेदी' पुन्हा लागायचा. एका बंगल्यात अनोळखी माणसं कोंडलेली. त्यांतल्या तिघांना कार्यक्रमवाल्यांनीच गुपचूप घरभेदी नेमलेलं. त्यांनी बाकीच्यांचा काटा काढत जायचं, आणि बाकीच्यांनी एकमेकांवर संशय घेत रोज निवाडा करायचा: पाटीवर नाव लिहून एकाला हाकलायचं. हाकललेला दारात उभा राहून सांगायचा, मी सरळ की घरभेदी. बहुतेक वेळा सरळच निघायचा, आणि मग ग्रीसनं काळे झालेले हात बाकांवर आपटले जायचे.

एका दुपारी टीव्हीवरच्या एका बाईनं स्वतःच्या लेकराची शपथ घेऊन सांगितलं होतं की मी घरभेदी नाही. ती होती. खोली पेटली.

"लेकराची शपथ!" बॅटरीवाल्यानं हातातला पेला भिंतीवर मारला. "अशा बाईच्या थोबाडीत द्यायला पाहिजे."

"का बुवा?" ठोक्या म्हणाला. "तिला नेमलंय कशाला? खोटं बोलायला. ती तिचं काम करतेय. शपथ घ्यायची नाही असं नियमात कुठं आहे?"

"नियमात नाही म्हणजे चालतं?" दादानं बाकाला लाथ घातली. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज खेळात लेकराची शपथ, उद्या घरात."

"दादा, खेळ म्हटला की डाव आला. तुम्ही पत्ते खेळताना हातातली पानं दाखवता का?"

"पत्त्यांत कुणी कुणाचा विश्वास मागत नाही!"

"मग ज्यांनी दिला ते भोळसट. फसवणाऱ्याचं काय चुकलं?"

दादानं त्याची कॉलर धरली. दोघांची नाकं एकमेकांना टेकली, बाकीचे मध्ये पडले, कोणीतरी हसलं. बॅटरीवाला म्हणाला, "ठोक्या, तू झक्कास घरभेदी होशील."

"मी असतो ना," ठोक्या कॉलर नीट करत म्हणाला, "तर तुम्हांला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नसता."

सगळे हसले. दादा हसला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्रीसवाल्यावर बस पडली. ग्रीसवाला सगळ्यांत जुना, सगळ्यांत मुका माणूस. तो गाडीखाली उताणा पडून काम करत होता. जॅक जुना होता, त्याचं तेल गळत होतं, आणि खाली टेकू द्यायला धड लोखंडी घोडेही नव्हते. जॅक बसला तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. नंतर जो झाला तो ग्रीसवाल्याचा. तसा आवाज त्या माणसात होता हे कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी खांदे लावून, पहारी घालून गाडी उचलली. ठोक्यानं त्याला बगलेत धरून ओढलं तेव्हा मांडीखालचा पाय पँटमध्ये उलटा वळून मागे राहिला. रक्त फरशीवरच्या तेलात मिसळेना, वेगळंच पसरत राहिलं. पाय कापावा लागला.

मॅनेजर म्हणाला, "काळजी घेत जा."

तेव्हा ठरलं की सोमवारी पहाटे एकही गाडी बाहेर सोडायची नाही. नवे जॅक आणि टेकूचे घोडे येईपर्यंत काम बंद. दादानं एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, "तोंडाला कुलूप. वर कळलं तर मेलो." सगळ्यांनी मान हलवली. ठोक्यानं मात्र विचारलं, "लपवायचं कशाला? उघड सांगू की." दादानं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

सोमवारी पहाटे ते फाटकाशी आले तर गाड्या आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या डेपोत हलवलेल्या, आणि फाटकात भाड्यानं आणलेले दांडकेवाले उभे. त्यांनी काही विचारलं नाही. पहिला दांडका बॅटरीवाल्याच्या तोंडावर बसला. पुढचे दात तो हातात घेऊन खाली बसला. दादाच्या पाठीवर दोन माणसांनी मिळून दांडके चालवले, कणीक तिंबावी तसे. ठोक्यानं एकाचा दांडका हिसकावून त्याच्याच गुडघ्यावर घातला आणि हाड मोडल्याचं हाताला कळलं. मग पोलिसांची गाडी आली आणि पळापळ झाली. दुपारपर्यंत सगळे मुकाट कामावर होते. जॅक तेच.

"मॅनेजरला आधीच कळलं होतं," दादा म्हणाला. "आपल्यात कोणीतरी आहे."

ते एक वाक्य वर्कशॉपात शिरलं आणि माणसं बदलली. घर फिरलं की वासे फिरतात, तसं झालं. डबे वेगवेगळे उघडले जाऊ लागले. कोण मॅनेजरच्या खोलीवरून गेलं, कोण हसलं, कोण हसलं नाही, सगळ्याचे अर्थ निघू लागले. टीव्हीवरचा 'घरभेदी' आता कोणी बोलत बघत नव्हतं. शाळेतल्यासारखे शिकत बघत होते.

शनिवारी सुट्टीत दादानं सगळ्यांना रंगाच्या शेडमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. एका बसचा उतरवलेला पत्रा भिंतीला उभा होता. दादानं खडू पुढे केला.

"निवाडा करू. ज्याला जो वाटतो त्याचं नाव लिहायचं."

ठोक्याला आधी हसू आलं. मग त्यानं पत्रा बघितला. एकाखाली एक, वेगवेगळ्या अक्षरांत, त्याचंच नाव उमटत होतं.

"अरे, काय चाललंय? मी?"

"तूच म्हणाला होतास," बॅटरीवाला म्हणाला. दात नसल्यानं त्याचे शब्द थुंकीबरोबर येत होते. "पत्ता लागू देणार नाही म्हणून."

"तो खेळ होता!"

"खेळ म्हटला की डाव आला. हेही तुझंच."

"मी त्या दांडकेवाल्याचा गुडघा फोडला, ते दिसलं नाही?"

"घरभेदी असंच करतात. आधी आपल्याच साथीदाराला मारतात, संशय जावा म्हणून. मागच्या आठवड्यात दाखवलं की." कोणीतरी मागून बोललं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

ठोक्या चिडून बोलला तर ते म्हणाले, चोराच्या मनात चांदणं. तो आवाज उतरवून समजावू लागला तर म्हणाले, बघा किती थंड आहे. तो गप्प बसला तर दादा म्हणाला, "आता बोल ना. एरवी तोंड बंद होत नाही." जन्मभर वाद घातलेल्या माणसाला पहिल्यांदाच कळलं की असा वाद असतो ज्यात बोललेलंही आपल्या विरुद्ध आणि न बोललेलंही.

शेवटी तो दादाकडे वळला. "दादा, तुमच्या बहिणीची शपथ. मी कुणाला काही सांगितलं नाही."

दादाचा चेहरा पांढरा पडला. "शपथ घेतोस?" तो म्हणाला. "तिचीच?" आणि त्यानं ठोक्याच्या तोंडावर ठोसा मारला.

ठोक्याच्या हातात कामाचा लोखंडी ठोकळा होता. त्यानं विचार केला नाही. ठोकळा दादाच्या जबड्यावर बसला आणि जबडा जागेवरून सरकला. दादाचं तोंड उघडंच राहिलं, ओरडताही येईना. मग बाकीचे तुटून पडले. पाने, पाइप, बूट. तो पडला, उठला, एकाचा कान दातांत धरला, पुन्हा पडला. कोणीतरी त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं, त्याच्याच नावावर, आणि पुन्हा आपटलं, आणि डाव्या कानात काहीतरी फाटलं. त्यानंतर त्या बाजूचा आवाज बंद झाला. मारणारे मारत होते, पण अर्ध्या जगात ते मुक्यानं मारत होते.

त्याला शेडच्या बाहेर टाकून ते कामाला लागले.

इस्पितळात त्याच्या बरगड्या बांधल्या. डॉक्टरनं डाव्या कानात बॅटरी मारून बघितलं आणि मान हलवली. बायको खाटेशी बसून होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, भावाच्या जबड्यासकट. ती रडली नाही. बराच वेळ चादरीची घडी घालत आणि मोडत राहिली.

"सोमवारचं कोणी फोडलं म्हणतात ते?" तिनं विचारलं.

"तेच तर कळत नाही."

"मला विचारायचं होतं ना कोणीतरी."

तो बरा होऊन हत्यारं न्यायला डेपोत गेला तेव्हा ती बरोबर गेली. दुपारची सुट्टी होती. टीव्हीवर निवाडा चालला होता. दादा कोपऱ्यात बसला होता, जबडा तारांनी बांधलेला, नळीनं चहा ओढत. बायकोनं टीव्ही बंद केला.

"तुमच्या गुपिताची गोष्ट सांगते," ती म्हणाली. "त्या सोमवारच्या आधी चार दिवस माझ्या लॉन्ड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. बॅटरीवाले भाऊजी, तुमची बायको म्हणाली, सोमवारी हे घरी असतील, तेव्हा डगला सावकाश द्या. तुमची आई," तिनं दुसऱ्याकडे बोट केलं, "विचारून गेली की मारामारी होईल का. आणि दादा, आपली वहिनी काउंटरवर मोठ्यानं म्हणाली, सोमवारी डेपो बंद, आमचे हे पुढारी. मॅनेजरचा ड्रायव्हर तिथंच बाकावर बसला होता, साहेबांचा कोट न्यायला. सगळ्या हसलो. मीही हसले."

ती बंद टीव्हीकडे वळली.

"टीव्हीवर घरभेदी असतो, कारण त्यांनी पगार देऊन नेमलेला असतो," ती म्हणाली. "इथं कुणी नेमला होता? नव्हताच कोणी. तरी तुम्ही शोधून काढलात."

ठोक्याला वाटलं, आता माना खाली जातील. गेल्याही. पण मग एक वर आली. बॅटरीवाला उठला. "म्हणजे फोरमनची बायको," तो सावकाश म्हणाला, "आणि त्यानंच आम्हांला कुलूप लावायला सांगितलं. आणि खडूही त्यानंच दिला. दुसऱ्यावर ढकलायला."

माणसं दादाकडे वळली. ठोक्यानं ते डोळे ओळखले. शेडमध्ये त्यानं ते जमिनीवरून बघितले होते. कोणीतरी बाकाखालचा पाइप उचलला. दादा उभा राहिला, बांधलेल्या तोंडातून नुसता घोगरा आवाज काढत. त्याला बाजू मांडताच येत नव्हती.

ठोक्याचं मन क्षणभर म्हणालं, होऊ दे. खरंच म्हणालं. बरगड्या अजून श्वासागणिक टोचत होत्या. त्यानं पिशवीतून मोठी हातोडी काढली आणि तो मध्ये जाऊन उभा राहिला.

"बसा खाली."

"बाजूला हो. तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करू नका. तुम्ही केलंत तेवढं पुरे." पाइपवाला पुढे आला. ठोक्यानं हातोडी त्याच्या मनगटावर घातली. पाइप खणकन पडला आणि माणूस हात पोटाशी धरून वाकला. "अजून कुणाला मत द्यायचंय?"

कुणालाच नव्हतं.

बाहेर पडताना त्यानं दारातून एवढंच म्हटलं, "घोडे पाहिजेत ना? मग फाटकावर लिहून लावा. तारीख लावा. बायकापोरांना सांगा, मॅनेजरला सांगा, त्याच्या ड्रायव्हरला सांगा. लपवायला आपण चोर आहोत का?"

त्यानं नोकरी सोडली. लॉन्ड्रीच्या मागच्या बोळात शेड टाकली आणि गाड्यांचे पत्रे ठोकू लागला. पत्रा बसला की नाही हे तो आवाजावरून ओळखायचा. आता उजवा कान पत्र्याशी नेऊन, मान वाकडी करून ऐकावं लागे, आणि पूर्वी एका बैठकीत होणारं काम रेंगाळे.

डेपोतल्यांनी खरंच फाटकावर लिहून लावलं. दांडकेवाले पुन्हा आले, पण या वेळी फाटकात अर्धा रस्ता उभा होता, बायका, म्हातारे, आणि कुबड्यांवर ग्रीसवाला सगळ्यांत पुढे. त्याच्यावर हात टाकायला कुणी दांडकेवाला धजेना. तरी डोकी फुटलीच, दोन्हीकडची. आठवड्यानं जॅक आणि घोडे आले.

दादाचा जबडा जुळला, पण वाकडा. वर्षभर तो बहिणीच्या दारात आला नाही. मग एका संध्याकाळी आपल्या जुन्या गाडीचं चेपलेलं दार घेऊन शेडमध्ये आला आणि ठोक्याच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. बराच वेळ बसला. त्याचे ओठ हलत होते.

बायको कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात आली. तिनं दोघांकडे बघितलं. "अहो, दादा काहीतरी म्हणतोय."

"ह्या बाजूनं येऊन सांग म्हणावं त्याला," ठोक्या पत्र्यावरून मान न उचलता म्हणाला.

दादा उठला. वळसा घालून उजवीकडे आला आणि उभाच राहिला. वाकडा जबडा दोनदा हलला.

"दार कधी होईल?" त्यानं विचारलं.

"परवा," ठोक्या म्हणाला.