उतरायचं कुणाकडं?

ग्रीसच्या एका चिमुकल्या बेटावर सुट्टीसाठी खोली शोधत मोबाईल चाळत होते. एक आवडली. पांढऱ्या भिंती, खिडकीत समुद्र. मालकिणीनं लिहिलं होतं, 'किल्ली कुंडीखाली असेल, मी नसेन.'

आई डोकावली. "तिथं आपलं कोण आहे गं?"

"कुणी नाही."

"मग उतरणार कुणाकडं?"

आमच्यात कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलं, की पोचलो म्हणायचं. घरातली पहिली पदवीधर मी, सगळ्यांचे अर्ज मीच भरते. पण या खोलीच्या अर्जातल्या 'अडचणीत कुणाला कळवावं' या रकान्यात आईचा नंबर लिहिला आणि तिचा फोन वाजलेला डोळ्यांपुढं आला. तिकडून कुणी परक्या भाषेत काहीतरी सांगत असेल आणि आई विचारत राहील, "पोरगी जेवली का माझी?"