परवानगी मेथीला होती

लॉकडाऊन लागला तेव्हा माझी मुलगी अकरा महिन्यांची होती, नवरा नोकरीपायी अकोल्यात अडकला होता आणि मी अमरावतीत एका बँकेत रोखपाल होते. बँक अत्यावश्यक, म्हणून मीही अत्यावश्यक. मुलीला सांभाळणाऱ्या मावशी मात्र कशात बसतात, हे कुणालाच सांगता येईना.

परिपत्रकं रोज निघत. नवरा ती अकोल्याहून मोबाइलवर पाठवायचा, खाली स्वतःचे चार सल्ले जोडून. जिल्ह्याची हद्द बंद होती, पण सल्ल्यांना पास लागत नव्हता. प्रत्येक यादी मी वरून खाली वाचली, मग खालून वर. शेवटी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, धुणीभांडी का? नाही म्हटलं. नर्स का? तेही नाही. मग बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम, यादीत भाजी हाये, दूध हाये, गुराचा चाराबी हाये," तो म्हणाला. "लेकरू सांभाळनारी नाई दिसत."

माझा स्वभाव मुळात तापट. त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. यादी काही त्या बिचाऱ्याने केली नव्हती. पण माझी रजा दोन दिवसांत संपत होती. एवढ्याशा पोरीला कुणाच्या भरवशावर टाकून जायचं, या विचाराने फोन ठेवल्यावर मला रडूच फुटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मावशी उभ्या. तोंडाला पदर, डोक्यावर मेथीची टोपली. बडनेऱ्याकडे त्यांची भाजीची वाडी होती. मी त्यांना फोनवर वाचून दाखवलेल्या यादीतला कामाचा शब्द त्यांनी बरोबर उचलला होता. चौकातल्या पोलिसाने टोपली पाहिली आणि सोडलं.

पण टोपली आली की आमची गल्ली जागी व्हायची. गच्च्यांवरून दोरीला बांधलेल्या पिशव्या खाली येत. मावशी निवांत जुड्या निवडत, वर सांभार फुकट घालत. कोथिंबिरीला आम्ही सांभारच म्हणतो. तिकडे मी घड्याळाकडे पाहत धुमसत असायचे. एकदा सुनावलंच, की तुम्हाला मुलीसाठी बोलावलंय, बाजार भरवायला नाही.

"इकली नाई त मी खोटी पडन ना बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "भाजी इकाले चालली म्हनून सांगतलं ना त्या पोलिसाले."

मग मीही दोन जुड्या घेतल्या.

घरात कसं वागायचं तेही कुठे छापलेलं नव्हतं. मग मावशींनी बाळंतिणीच्या खोलीचे जुने नियम बाहेर काढले. अंगणातल्या नळावर हातपाय धुवायचे, न्हाणीत धुतलेलं पातळ नेसायचं आणि मगच बाळाला हात लावायचा. नियम दोघींना सारखे. बँकेतून आल्यावर पोर माझ्याकडे झेपावायची आणि मावशी मला आधी आंघोळीला पिटाळायच्या. माझ्याच घरात मी सासुरवाशीण झाले. राग यायचा, पण पोर भल्या हातात आहे म्हणून जीव निर्धास्तही असायचा.

मे महिन्यात वाडीतल्या विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मेथी संपली. त्या दिवशी मावशी तासभर उशिरा आल्या, डोक्यावर काहीच नाही. पोलिसाने अडवून टोपलीचं विचारलं होतं. मावशींनी खरं ते सांगून टाकलं: मेथी सरली, लेकरू सांभाळायला चालले आहे.

यावर तो म्हणाला होता, "मले काय ठाऊक नोतं? सकाळी भाजी इकून भाजीवाली काय रोज सांजच्याले घरी जाते? जा, लेकरू वाट पाहून राहिलं असन."

लेकरू वाट पाहतच होतं. पण दोन महिने टोपली पाहायची सवय; टोपलीशिवाय आलेलं, पदराने तोंड झाकलेलं हे माणूस तिला ओळखूच येईना. व्हरांड्याची जाळी धरून तिने भोकाड पसरलं. मावशी नळावर. हात ओले, जवळ यायची सोय नाही. नियम त्यांचेच, मोडणार कोण? त्यांनी नळाखालचं घमेलं उचलून डोक्यावर ठेवलं आणि हाळी दिली, "मेथी घ्या वो, सांभार घ्या."

पोर रडता रडता हसली. तिने जाळी सोडली आणि पायरीपर्यंत चार पावलं एकटी चालत गेली. ती तिची पहिली पावलं. मावशींच्या डोक्यावरचं घमेलं तसंच राहिलं आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या रडत होतो.

बँकेत पोचायला अर्थातच उशीर झाला. हजेरीच्या रजिस्टरात उशिराचं कारण लिहायचा एक रकाना असतो. तिथे मी इतकी वर्षं 'वैयक्तिक' लिहीत आले होते. त्या दिवशी लिहिलं, 'मुलीला सांभाळणाऱ्या मावशी उशिरा आल्या.' साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली. मावशींच्या कामाची त्या सगळ्या काळात कागदावर झालेली नोंद तेवढीच.